पालथं घड्याळ आणि पाच शब्द

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवायचा? 'मला सगळं आठवतं' म्हणणाऱ्यावर, की 'थांबा हं, आठवत नाही' म्हणणाऱ्यावर? पस्तीस वर्षं दुकानात बसलो, पण या प्रश्नाचं उत्तर मी दर दोन वर्षांनी बदलत आलोय.

दुकान वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. आधी टाइपरायटरच्या रिबिनी विकल्या, मग कॉम्प्युटर विकले आणि भाड्यानंही दिले. शिक्षण म्हणाल तर दहावी. कॉम्प्युटर उघडून उघडून शिकलो. ज्यानं कधी मशीन उघडलंय त्याला ठाऊक असेल, परत बंद केलं की एक स्क्रू उरतोच! मशीन छान चालतं, त्यामुळे तो कुठला हे कुणी विचारत नाही. मी तो डब्यात टाकतो. आज माझ्याकडे तीन डबे भरून स्क्रू आहेत. किश्शांचंही तेच. काम उरकून जातं आणि हातात काहीतरी उरतं. फेकवत नाही.

घरी आम्ही तंजावरची मराठी बोलतो, बाहेर तमिळ. पुण्याचे पाहुणे ती ऐकून तोंडाला रुमाल लावतात, म्हणून इथे जरा इस्त्री करून लिहितोय.

तर, ब्रॉडबँड घराघरांत नुकतं येऊ लागलं होतं तेव्हाची गोष्ट. पेरुंगुडीत, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या गर्दीत, डॉक्टर कल्पनांची दोन खोल्यांची जागा होती. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हेत. माणसाला किती आठवतं, किती सुचतं, हे प्रश्न विचारून मोजणाऱ्या. त्यांचा आकडा बघून मग मोठे डॉक्टर औषध ठरवायचे. पण आमच्या भागातली म्हातारी माणसं दोन बस बदलून तिथे पोचायची, ती इतकी थकलेली की स्वतःचं नाव विचारलं तरी आधी पाणी मागायची.

"राव मामा," डॉक्टर मला म्हणाल्या, "मला विसरणारा माणूस तपासायचाय. दमलेला नाही!"

म्हणून ठरलं की माणूस घरीच राहील आणि मशीन त्याच्याकडे जाईल. लॅपटॉप, वेबकॅम, यूपीएस, सगळं माझ्या स्कूटरवर. डॉक्टर पेरुंगुडीत बसून पडद्यावरून प्रश्न विचारणार. मला वाटलं, वायर जोडली की माझं काम संपलं. कुठलं!

"खोलीत कोण खुणा करतंय ते मला कॅमेऱ्यात दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिथे विश्वासाचं माणूस हवं. ते तुम्ही."

मग नियम झाले. भिंतीवरचं रोज पान फाडायचं कॅलेंडर उतरवायचं. घड्याळ पालथं घालायचं. पेपर उचलायचा. घरच्यांना बाहेर काढायचं. आपण लॅपटॉपच्या मागे स्टुलावर बसायचं, हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. आणि शेवटी एका चिठ्ठीवर सही करायची. चिठ्ठीवर छापलेलं असे: 'या खोलीत रुग्णाला कुणीही मदत केली नाही.'

"आकडा चढवून मिळाला तर औषध उशिरा सुरू होतं," डॉक्टरांनी बजावलं होतं. "गेलेले महिने परत मिळत नाहीत, मामा."

हे मी मान डोलावून ऐकलं. पण त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. माझी बायको रुक्कु गेले सहा महिने एकच प्रश्न तीनदा विचारत होती. एकदा कॉफीच्या फिल्टरमध्ये तिनं रसमची पूड घातली. दोघंही हसलो आणि प्यायलो नाही. डॉक्टरांना सांगायचं म्हणजे परीक्षा आली, परीक्षा म्हणजे आकडा आला, आणि तो आकडा मला नको होता. म्हणून मी लोकांच्या घरी जाऊन लोकांचे आकडे आणायचो, आणि संध्याकाळी घरी येऊन रुक्कुला किस्से सांगायचो. ती हसायची. हसतेय म्हणजे ठीक आहे, असं मी धरून चाललो होतो.

* * *

पहिलंच घर एका जोडप्याचं. (इकडे वडीलधारे सगळेच मामा-मामी, नाहीतर 'सार', म्हणजे सर.) मामा बँकेतून रिटायर झालेले, मामी जन्मभर घरातल्या कारभारी. नियमाप्रमाणे मी मामींना स्वयंपाकघरात पाठवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "सार, तुमची मुलं किती?"

"दोन!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"थोरला काय करतो?"

"इंजिनीअर! शोळिंगनल्लूरला!" पुन्हा स्वयंपाकघर.

मी उठून दार लावलं. पुढचा प्रश्न आला, "सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?" मामा विचार करू लागले. दाराच्या फटीतून आवाज आला, "पोंगल!"

शेवटी डॉक्टरांनी मामींना पडद्यासमोर बोलावून हात जोडले. "मामी, कृपा करा, त्यांना स्वतः बोलू द्या."

मामींनी पदर खोचला. "अगं, चाळीस वर्षांत हे स्वतः कधी बोलले नाहीत. आज बोलायला लागले तर मी समजेन, दुखणं सुरू झालं!"

मामांनी तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "बरोबर आहे."

* * *

दुसरे एक गृहस्थ कॉर्पोरेशनच्या कचेरीत सदतीस वर्षं हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलावरून न तपासलेला कागद कधी पुढे गेला नाही, असं ते स्वतः सांगत.

डॉक्टरांनी विचारलं, "सार, आपण आत्ता कुठल्या शहरात आहोत?"

हेडक्लार्कनी चष्मा पुसला. "तू कुठे बसली आहेस?"

"मी पेरुंगुडीत."

"पेरुंगुडी कॉर्पोरेशनच्या हद्दीत येत नाही. मी हद्दीत आहे. दोघांना मिळून एक उत्तर देता येणार नाही."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "बरं. आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"दोन अर्ज वेगळे कर," ते म्हणाले. "तुझा एक, माझा एक."

त्या दिवसापासून डॉक्टरांनी सगळ्या प्रश्नांत 'तुम्ही' घातलं. त्या मला म्हणाल्या, "मामा, प्रश्न समोरासमोर बसण्यासाठी लिहिले होते. चूक त्यांची नाही, वायरची आहे."

मी म्हटलं, "वायर माझी आहे. वायरला काही बोलू नका."

* * *

गोपालन सार म्हणजे रेल्वेतले जुने गार्ड. आयुष्यभर वेळेवर शिटी मारलेला माणूस. पण घरातून निघाले की वाट विसरू लागले, म्हणून मुलानं डॉक्टरांकडे नाव घातलं.

त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. कागदावर गोल काढायचा, आकडे घालायचे, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायचे. यात काय एवढं, असं वाटतं ना? मी कितीतरी शिकलेली माणसं यात अडखळताना पाहिली आहेत.

गोपालन सारनी सुंदर गोल काढला. बारा आकडे नीट बसवले. मग काटे काढले. बारा वाजून पाच मिनिटं!

"सार, अकरा वाजून दहा," डॉक्टर म्हणाल्या.

"ऐकलं."

"मग हे बारा पाच का?"

"आज शुक्रवार ना?"

"हो, मग?"

"शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्या वेळात मी कधी गाडीला हिरवा झेंडा दाखवला नाही... म्हणजे, ड्यूटीवर दाखवावा लागला. पण आता रिटायर झालोय ना!"

बाहेरून मुलगा कळवळून ओरडला, "अप्पा!"

डॉक्टरांनी मला नंतर फोन केला. "मामा, हे बरोबर धरू की चूक?"

मी म्हटलं, "कॅलेंडर मी उतरवलं होतं. वार त्यांचा त्यांना आठवला, राहुकाळ आठवला, तो संपतो कधी हेही आठवलं. दुकानात असा माणूस आला तर मी उद्यापासून ठेवीन."

"मी दुकान नाही चालवत मामा," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं अकरा दहा."

पुढे कित्येक दिवस मी यावर विचार करत होतो. गोपालन सार वार सांगत होते, तरी वाट चुकत होते. दोन्ही खरं होतं.

* * *

लक्ष्मी मामींचा किस्सा रुक्कुचा सगळ्यात आवडता.

या परीक्षेत एक प्रश्न असतो, एका मिनिटात आठवतील तेवढ्या भाज्या सांगा. लक्ष्मी मामी म्हणजे गल्लीतल्या सगळ्या लग्नामुंजींच्या स्वयंपाकावर देखरेख करणारी बाई. आम्हाला वाटलं, मिनिट कमी पडेल.

मामी म्हणाल्या, "कच्ची केळी. कारलं. पडवळ. गवार. रताळं."

आणि गप्प.

"अजून, मामी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुरे झालं."

"अजून वेळ आहे..."

"पुरे म्हटलं ना."

पाच! दाराबाहेर सुनेनं डोळ्यांना पदर लावला. माझाही जीव हलला. सामान आवरताना राहवलं नाही म्हणून मी हळूच म्हटलं, "मामी, बटाटा कसा विसरलात?"

मामींनी कानांवर हात ठेवले. "शिव शिव! उद्या सासऱ्यांचं श्राद्ध. आज बटाटा, कोबी, कांदा, असलं श्राद्धाला न चालणारं काही तोंडातून काढू? ती मुलगी लहान आहे, तिला कळत नाही. तुम्हाला कळू नये?"

मी तसाच लॅपटॉप पुन्हा उघडला आणि डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात परत विचारलं. मामींनी मिनिटात सव्वीस भाज्या सांगितल्या. डॉक्टर म्हणाल्या, "झालं मिनिट." मामी रागावल्या, "असं कसं झालं? पालेभाज्या राहिल्यात!"

तेव्हापासून डॉक्टरांच्या फॉर्मवर वरती एक नवी ओळ आली: 'घरात या आठवड्यात काही कार्य आहे का?'

* * *

परीक्षेचा मुख्य भाग मात्र पाच शब्दांचा. डॉक्टर पाच शब्द सांगतात. माणूस ते लगेच म्हणून दाखवतो. मग दुसरे प्रश्न होतात, आणि पाचेक मिनिटांनी अचानक विचारतात, मघाचे शब्द कोणते? खरी कसोटी ती.

आमच्याजवळच एक आठ बिऱ्हाडांची इमारत आहे. तिथे पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची परीक्षा झाली. उकाड्यामुळे खिडक्या उघड्या. दोन आठवड्यांनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या पाट्टींची, म्हणजे आजींची, पाळी आली.

डॉक्टर म्हणाल्या, "पाट्टी, मी आता तुम्हाला पाच शब्द सांगणार आहे..."

"कशाला त्रास घेतेस?" पाट्टी म्हणाल्या. "विहीर, पितळ, पोपट, दोरी..."

पाचव्यावर अडल्या. डोळे मिटले, कपाळावर बोट ठेवलं.

तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "उशी, पाट्टी, उशी!"

सगळ्या इमारतीला पाठ होते! संध्याकाळी गच्चीवर बायका एकमेकींना विचारत होत्या म्हणे. ज्यांना नीट आठवलं त्या खूश, ज्यांना नाही त्यांनी दोन दिवस बदाम खाल्ले.

डॉक्टरांनी नवी यादी केली. ती फक्त दोघांना ठाऊक होती, त्यांना आणि मला. मी ती रुक्कुलासुद्धा सांगितली नाही. अभिमानानं सांगतो.

* * *

एका संध्याकाळी मी रुक्कुला लक्ष्मी मामींचा किस्सा सांगत होतो. सांगून सांगून तो घोटून गुळगुळीत झाला होता. मी म्हटलं, "आणि मामींनी कानांवर हात ठेवले..."

"बटाट्यामुळे," रुक्कु म्हणाली. मग थांबली. "अहो, हा तुम्ही मला आधी सांगितलाय?"

"छे. आजच सांगतोय."

"मग मला शेवट कसा ठाऊक?"

मी भिंतीकडे बघितलं. काल सांगितला होता. परवाही. दोन्ही वेळा तिनंच 'मग पुढे काय झालं' म्हणून विचारलं होतं.

रुक्कु तांदूळ निवडत होती. ताटातून मान वर न करता म्हणाली, "सगळ्या मांबलमची परीक्षा घेऊन झाली. माझी कधी?"

"तुला कशाला..."

"कॉफीत रसमची पूड मी घातली होती. तुम्ही नाही." मग एक खडा उचलून बाजूला टाकला. "तेवढं आठवतं मला."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. किती महिने झाले, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणे खोलीत घरचं माणूस नको, मामा. पण नियम पाळायला लावणारे तुम्हीच. मी आता कुणाला पाठवू?"

"मीच बसतो," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत माझ्या मापात कुणी खोट काढलेली नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "विश्वास ठेवते."

* * *

चैत्रातली सकाळ, दहाचा सुमार. ऊन असं की बाल्कनीतली फरशी पायाला चटके देत होती. खोली मीच लावली. कॅलेंडर उतरवलं. घड्याळ पालथं घातलं. पेपर गादीखाली सारला. रुक्कुनं नवी साडी नेसली, केसांत फुलं माळली, जणू फोटो काढायचा होता. लॅपटॉपसमोर बसली आणि पडद्यावरच्या डॉक्टरांना म्हणाली, "जेवलीस का गं?"

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, "मामी, पाच शब्द सांगते. नीट ऐका. देऊळ. चमचा. छत्री. मोगरा. घोडा."

रुक्कुनं पाचही म्हणून दाखवले. मग बाकीचे प्रश्न झाले. तारीख चार दिवसांनी चुकली. महिना बरोबर आला. घड्याळाचे काटे अकरा दहावर नीट लागले. भाज्या एकोणीस झाल्या. मी लॅपटॉपच्या मागे स्टुलावर, हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. माझ्याइतका शहाणा बसलेला माणूस डॉक्टरांना कुठल्याच घरी मिळाला नसेल.

"आता सांगा मामी, मघाचे शब्द कोणते?"

"देऊळ," रुक्कु म्हणाली. "चमचा... मोगरा."

आणि थांबली.

पंखा फिरत होता. खालून भाजीवाला ओरडत गेला. रुक्कुनं मान वर केली. पडद्याच्या वरून, माझ्या डोक्याच्या वरून, मागच्या भिंतीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण असं बघितलेलं मला आठवत नाही.

"छत्री," ती म्हणाली.

"छान! चार झाले, मामी."

"चार लिहू नकोस." रुक्कुनं पदर सारखा केला. "छत्री मला आठवली नाही, दिसली. समोर खिळ्यावर लटकतेय. पाऊस संपल्यावर मीच ती यांच्या जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. उन्हाळ्यात ती खाली कशी आली, ते तुझ्या राव मामांना विचार. तू तीन लिही."

पडद्यावर डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांना ती भिंत दिसत नव्हती. त्यांना फक्त रुक्कु दिसत होती.

मग त्या म्हणाल्या, "तीन लिहिते मामी."

"हं." रुक्कु उठली. स्टुलाजवळ येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "अहो, घोडा नाही सापडला वाटतं घरात?"

डॉक्टरांनी ऐकलं. "मामी! घोडा! तुम्हाला आठवला!"

"वेळ संपल्यावर आठवला," रुक्कु म्हणाली. "तोही धरू नकोस."

मग टेबलावरची ती सहीची चिठ्ठी उचलून तिनं माझ्या हातात दिली, माझ्याच खिशातलं पेन काढून टोपण उघडून दिलं.

"वर छापलेली ओळ आधी वाचा," ती म्हणाली, "आणि हिशेब खरा लिहा."